ताई, ब्राऊन फॅट समजावल्याबद्दल थँक यू

ताई, मेसेजमध्ये नुसतं थँक यू टाकून भागणार नाही म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. ब्राऊन फॅटवरचा, म्हणजे जळून अंग गरम ठेवणाऱ्या चरबीवरचा, माझा सेमिनार नीट झाला तो तुझ्यामुळेच, स्वतःच्या थिसिसची एवढी घाई असताना तू वेळ काढलास.

बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकतात, यूसीपी१ हे ब्राऊन फॅटमधलं प्रोटीन प्रोटॉन आत सोडतं आणि उष्णता होते, संपलं. तू धरणापासून सुरू केलंस. मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या वीजघरांच्या, आतल्या पडद्यापलीकडे प्रोटॉन साठतात, एरवी ते एटीपी सिंथेज या एन्झाइमच्या टर्बाइनमधून येतात आणि एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, बनतं, यूसीपी१ म्हणजे बाजूचा दरवाजा, पाणी तसंच पडतं पण वीज नाही, सगळी नुसती उष्णता. इथपर्यंत कोणीही सांगेल गं. खरी गंमत पुढे होती, की हा दरवाजा एरवी बंदच असतो, एटीपी, जीडीपी असले न्यूक्लिओटाइड (पेशीतले छोटे रेणू) त्याला अडवून धरतात, म्हणजे प्रोटीन ढीगभर आहे म्हणून पेशी तापलीच असं नाही!!

मग थंडीत सिम्पथेटिक नर्व्ह नॉरएपिनेफ्रिन हे निरोपाचं रसायन सोडते, पेशीवरचा बीटा-३ रिसेप्टर, आत निरोप नेणारं सायक्लिक एएमपी, त्याने जागं होणारं पीकेए एन्झाइम ही साखळी तर पाठच होती, पण पीकेएने चरबीच्या थेंबावर पहारा देणाऱ्या पेरिलिपिन प्रोटीनला फॉस्फेट लावलं की तो पहारा उठतो, एटीजीएल आणि एचएसएल ही एन्झाइमं ट्रायग्लिसराइड, म्हणजे साठवलेली चरबी, तोडायला घेतात आणि सुटलेली फॅटी ॲसिडं जळणही होतात आणि यूसीपी१ला चालूही तीच करतात, हे एकत्र जोडून दिलंस तू. किती हुशार सिस्टीम आहे यार, जाळायला काही आलं की मगच गळती सुरू. थंडी बरेच दिवस टिकली तर पीजीसी-१ अल्फा हे प्रोटीन मायटोकॉन्ड्रियाच वाढवतं, ते काम वेगळं आणि सावकाशीचं.

आणि डीएनपी हे रसायन! तेही प्रोटॉनची गळतीच करतं, पण सगळ्या शरीरात आणि आवरायला कोणी नाही, १९३०च्या दशकात अमेरिकेत लोक बारीक व्हायला घ्यायचे आणि काहीजण अंगातली उष्णता वाढून मेले. प्रश्नोत्तरात नेमकं "मग यूसीपी१ चालू करणारी गोळी का नाही" आलंच, तेव्हा हेच सांगितलं, शिवाय २००९च्या पेट स्कॅनच्या पेपरांनी मोठ्या माणसांत ब्राऊन फॅट दाखवलं खरं पण ते असतं थोडंसंच, हेही.

आता डुकरांचं कधी सांगतेस? त्यांचं यूसीपी१चं जीन तुटकं, मग पिल्लं थंडीत नुसती कुडकुडूनच भागवतात का, की ते यूसीपी१शिवाय उष्णता करणारं क्रिएटिनचं चक्र वगैरे तिथेही असतं?