मांडवांचा सण आणि तुझा तक्ता

प्रिय मित्रा,

प्रभूच्या नावात सलाम.

मंडळीतल्या भाषणासाठी केलेला तुझा तक्ता मिळाला. डावीकडे बायबलातल्या लेवीय 23 मधले सात यहुदी सण, उजवीकडे ख्रिस्ताच्या जीवनातल्या घटना, मध्ये बाण. वल्हांडण म्हणजे वधस्तंभ, बेखमीर भाकर म्हणजे कबर, प्रथमपीक म्हणजे पुनरुत्थान, पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा. उरलेले तीन, म्हणजे कर्णे, प्रायश्चित्त आणि मांडव, दुसऱ्या येण्यासाठी राखून ठेवलेले. मंडळीला आवडेल यात शंका नाही. मला मात्र तो एसटीच्या वेळापत्रकासारखा वाटला: चार गाड्या सुटल्या, तीन यायच्या आहेत. मत विचारलंस म्हणून लिहितो, रागावू नकोस.

पहिल्या चारांना नव्या कराराचा आधार आहेच. पण पौल ते कुठे वापरतो ते बघ. ख्रिस्त हा आपला वल्हांडणाचा यज्ञपशू, असं तो 1 करिंथ 5 मध्ये म्हणतो, आणि तो अध्याय आहे बापाच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या माणसाबद्दल. मंडळी त्याला खपवून घेत होती. सणाआधी घराचा कानाकोपरा झाडून जुनं खमीर बाहेर काढतात, तुम्ही हे कसलं आत ठेवलंय, असा त्याचा सवाल आहे. कोकरू तर केव्हाच कापलं गेलं, घर मात्र अजून झाडायचंय! भविष्याचा हिशेब तिथे कुठेच नाही.

तारखांचं म्हणशील तर तिथेही बाण डगमगतो. मत्तय, मार्क, लूक यांच्यात शेवटचं भोजन हेच वल्हांडणाचं जेवण. योहानात येशूला वधस्तंभावर देतात तो दिवस वल्हांडणाच्या तयारीचा, म्हणजे मंदिरात कोकरं कापण्याचा. पंडित शतकानुशतकं यावर भांडत आले आहेत. तू बाण कुठल्या तारखेवर टेकवणार?

आता तुझी मुख्य अडचण. प्रायश्चित्ताचा दिवस तू पुढे ढकललायस. इब्री लोकांस पत्राचा नववा अध्याय पुन्हा वाच. महायाजक वर्षातून एकदाच, रक्त घेऊन, परमपवित्रस्थानात जाई. ख्रिस्त स्वतःचं रक्त घेऊन एकदाच आत गेला आणि काम झालं, असं ते पत्र बजावून सांगतं. तो पुन्हा प्रगट होईल हेही तिथेच आहे, पण पापाचा प्रश्न सोडवायला नव्हे. म्हणजे शरदातला सण वसंतातल्या वधस्तंभावर येऊन बसला. शिवाय वल्हांडणाचं कोकरू मुळात पापार्पण नव्हतंच. त्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावायचं आणि मांस घरच्यांनी मिळून खायचं. लोकांची पापं डोक्यावर घेऊन रानात जाई तो प्रायश्चित्ताच्या दिवसाचा बकरा. बाप्तिस्मा करणारा योहान ‘जगाचे पाप हरण करणारा देवाचा कोकरा’ म्हणतो तेव्हा दोन्ही सण एका वाक्यात मिसळलेले दिसतात. पहिल्या शिष्यांनी पंचांग असं मोकळेपणाने हाताळलं, आणि आपण सणांना रांगेत उभं करतो.

मांडवांचा सण तर तू एका ओळीत संपवलास. अरे, सगळ्यात मोठी मजा तिथेच आहे! आपल्याकडे पाऊस सरत येतो त्या सुमारास हा सण येतो, पण यरुशलेमात तेव्हा चार-पाच महिन्यांचा कोरडा उन्हाळा संपून लोक आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात. हे ध्यानात घेतलं की पाण्याचा विधी कळतो. मिश्नात, म्हणजे यहुदी गुरूंच्या जुन्या नियमसंग्रहात, त्याचं वर्णन आहे. सोन्याच्या सुरईत शिलोह तळ्याचं पाणी भरायचं, कर्ण्यांच्या गजरात मंदिरात आणायचं, वेदीवर ओतायचं. रात्री स्त्रियांच्या अंगणात उंच सोन्याचे दीप लावत, त्यांच्या वाती याजकांच्या जुन्या चोळण्यांच्या आणि कमरबंदांच्या. (हा तपशील मला फार आवडतो.) शहरातलं एकही अंगण त्या उजेडावाचून राहत नसे, असं मिश्ना म्हणते.

आता योहान 7 काढ. सणाच्या शेवटच्या, मोठ्या दिवशी येशू उभा राहून मोठ्याने म्हणतो की तहानलेल्याने माझ्याकडे यावं. पावसासाठी सात दिवस पाणी ओतून झालेल्या गर्दीत! आणि आठव्या अध्यायात, मी जगाचा प्रकाश आहे. मधली व्यभिचारिणीची गोष्ट सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही, ती बाजूला ठेवली तर पाणी आणि दीप लागोपाठ येतात. नवव्या अध्यायातला आंधळा डोळे धुवायला जातो तोही शिलोहावरच. त्या काळच्या तळ्याच्या पायऱ्या 2004 मध्ये सांडपाण्याच्या नळाचं काम चालू असताना उघड्या पडल्या. जखऱ्या 14 मध्ये सगळी राष्ट्रं हा सण पाळायला येतील असं आहे, म्हणून पुढची आशा त्यात आहे हे तुझं मला मान्य. फक्त ‘अजून काहीच झालं नाही’ असं लिहू नकोस.

कलस्सै 2 मध्ये सणांना पुढे येणाऱ्या गोष्टींची ‘छाया’ म्हटलंय, तो शब्द जपून वापर. हे सण संपलेले नाहीत, लोक ते आजही पाळतात. आपल्याच कोकणातले बेने इस्राएल यहुदी, ज्यांना लोक शनवार तेली म्हणत, प्रायश्चित्ताच्या दिवसाला दारफळणीचा सण म्हणायचे आणि दारं लावून उपास धरायचे. रायगडच्या सभास्थानांत आज माणसं थोडी उरली, बरेचसे 1948 नंतर इस्राएलला गेले. तुझ्या श्रोत्यांत अलिबागकडचा कोणी निघाला तर त्याच्यासमोर ‘पोकळ विधी’ म्हणशील का?

पवित्र आठवड्यात मंडळीत सेदेर भोजन, म्हणजे यहुद्यांचं वल्हांडणाच्या रात्रीचं विधीचं जेवण, मांडायचा तुझा बेत मला फारसा पटत नाही. त्याचं आजचं रूप इ. स. 70 मध्ये मंदिर पडल्यानंतर घडत गेलं. येशू नेमका असाच जेवला असं सांगणं चूक ठरेल. त्यापेक्षा निर्गम 12 वाचा आणि प्रभुभोजन घ्या.

कर्ण्यांच्या सणाबद्दल नव्या करारात थेट काही नाही. तिथली जागा तक्त्यात कोरी ठेव, कोणी विचारलं तर कोरी का आहे ते सांग.

भाषण रविवारी आहे ना? टिपणं पुन्हा लिहिलीस तर शनिवारपर्यंत पाठव, वाचून ठेवतो. वहिनींना आणि आईंना सलाम.

तुझाच,
जुना वर्गमित्र