पोस्टात न टाकलेल्या पत्राबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेले की माझा घसा दाटतो, म्हणून हे चारचौघांत लिहितेय. नाव घालत नाही, तुम्हाला आवडायचं नाही.

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तरी बाबा गावभागातलं घर सोडेनात. "२००५ लाही आलं होतं, उतरलं की," एवढंच पालुपद. शेवटी बोटीत बसवलं, तेव्हा अख्ख्या गल्लीसमोर मी ओरडले, "तुमच्या हट्टापायी आम्ही मरायचं का?" ते काही बोलले नाहीत. मांडीवरच्या पिशवीची गाठ सोडत-बांधत राहिले. जानेवारीत गेले. तो विषय पुन्हा निघालाच नाही.

तुमच्याकडे समुपदेशनाला आले ती झोप लागत नाही म्हणून. चार बैठका तुम्ही पत्राचं नाव काढलं नाहीत. पाचव्या वेळी म्हणालात, बाबांना लिही, पोस्टात टाकायचं नाही. मी "तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार"पासून सुरू करून सुवाच्य अक्षरात आणलं. वाचून तुम्ही हसलात, "हा रजेचा अर्ज झाला गं." मग मानसशास्त्रज्ञ पेनेबेकर यांचा १९८६ सालचा प्रयोग सांगितलात: विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनात सलणारं लिहायचं, शुद्धलेखन गेलं उडत. लिहिल्यावर लगेच उलट जड वाटतं, हेही आधीच बजावलंत. बरं केलंत. दुसऱ्या रात्री ओट्याला टेकून रडले, पण घाबरले नाही.

मग ती रिकामी खुर्ची. समोर बाबा बसलेत असं धरून बोलायचं. मानसोपचारतज्ज्ञ मोरेनोंच्या सायकोड्रामातून, म्हणजे नाटकासारखं वठवायच्या उपचारातून आलेली, पुढे मानसोपचारतज्ज्ञ पर्ल्स यांनी गाजवलेली, असं तुम्ही सांगत होतात आणि मी मनात म्हणत होते, सोंगच घ्यायचं तर सांगलीकराला काय शिकवायचं? विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला इथंच नाटक उभं केलं. पण पत्र वाचून झाल्यावर "आता तिकडे बस, तू बाबा" म्हणालात आणि माझे पायच उचलेनात.

बाबा हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. नखं कायम पिवळी. त्या खुर्चीत बसले आणि माझा अंगठा आपोआप बोटांच्या नखांवरून फिरायला लागला, अगदी त्यांच्यासारखा. मला वाटलं होतं, ते माफ करतील नाहीतर रागावतील. तोंडून आलं भलतंच: "घसा बसलाय तुझा. आधी पाणी पी."

हेच म्हणाले असते ते. तुम्ही खरंच पाण्याचा तांब्या पुढे केलात. घाई न करता मला माझ्या खुर्चीत परत आणलंत, माझं नाव, आजचा वार मोठ्यानं म्हणायला लावलात. तेव्हा पोरखेळ वाटला. आता वाटतं, तसं केलं नसतं तर मी बाबा होऊनच घरी गेले असते.

पत्राचं काय करणार, विचारलंत. कृष्णेत सोडणार नाही, ताई. तिनं आमचे कागद आधीच पुष्कळ नेलेत. बाबांच्या त्याच पिशवीत ठेवलंय, गाठ मारून.

तुमची,
गावभागातली मुलगी