ठसका आणि टेकडी

९ मार्च २०२० ला पुण्यात करोनाचे राज्यातले पहिले रुग्ण सापडले आणि आमच्या घरी फिरायला जावं की नाही, यावर आठवडाभर खल झाला. शेवटी रविवारी सकाळी वेताळ टेकडी चढलोच. पळस ऐन भरात होता. फुलाफुलावर शिंजीर पक्ष्यांची झुंबड, खाली मातीत केशरी सडा. रोज भेटणारे एक आजोबा हात पुढे करून आले, मध्येच थबकले आणि नमस्कार केला. दोघंही हसलो. पुढे चिवडा खाताना नातीला ठसका लागला, तर पलीकडच्या बाकावरची मंडळी उठूनच गेली! त्यांचंही काय चुकलं म्हणा. मॉल, थिएटरची बंद हवा नको, हे तेव्हा पटत होतं. पण टेकडी तेवढी उघडी राहू द्या, असं मनात येत होतं.

– एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड, पुणे