बाबा, यंदा धुरे पेटवू नका

आई, बाबा, नमस्कार.

दादाच्या मोबाईलवर पाठवून राहिले. वहिनीला म्हणा जेवणं झाली की वाचून दाखव, आणि मधलं काही गाळू नको. फोनवर बोलायला गेलं की बाबा "हो हो, पाहू" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देऊन मोकळे होतात, म्हणून लिहूनच काढते.

मुद्दा एकच आहे. परवा बाबा म्हणाले कपाशीची पऱ्हाटी उपटून झाली, आता ढीग आणि धुऱ्या-बांधावरचं वाळलं गवत पेटवून देतो की वावर वखराला मोकळं. तर बाबा, यंदा पेटवू नका. तुमचं यावर काय म्हणणं असते ते मला पाठ आहे, त्याचं उत्तरही आणलं आहे, आधी ऐकून तर घ्या.

आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये या महिन्यात आगीचं ट्रेनिंग झालं. दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह असतो, १४ ला जयंती, अर्धी जिनिंग रॅलीत, म्हणून फायरवाले सुट्टी झाल्यावर आले. मला वाटलं नेहमीसारखंच असेल, फोटो काढतील, रजिस्टरवर सह्या घेतील, समोसा खातील आणि जातील. पण त्यांच्यात एक वयस्कर माणूस होता, त्यानं पहिलाच प्रश्न टाकला की हा सप्ताह १४ तारखेलाच काऊन सुरू होते? कोणालाच येईना. मग त्यानं सांगितलं. १४ एप्रिल १९४४, मुंबईचं व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज. त्यात चौदाशे टनाच्या आसपास स्फोटकं आणि त्याच जहाजात कराचीहून चढवलेल्या ८७०० कापसाच्या गाठी. दुपारी धूर दिसला, बंबवाले पाणी मारत राहिले, पण आग नेमकी कुठे आहे तेच सापडेना, आणि चारच्या सुमारास जहाज उडालं. एकट्या अग्निशमन दलाची ६६ माणसं गेली. गाठी बांधायच्या प्रेसवरची पोरं, जी एरवी दोन मिनिटं चूप बसत नाहीत, ती सगळी चूप. कारण गाठीतली आग काय असते ते त्यांना माहीत आहे. वरून विझली वाटते, आणि आत धुमसतच राहते, एकदोन दिवसांनी गोडाऊनमध्ये डोकं वर काढते. म्हणून शंका आली की ती गाठ उचलून लांब न्यायची, पट्ट्या तोडायच्या, उकलायची आणि पाण्यानं पार भिजवायची, नुसती पावडर मारून भागत नाही.

आणि ही आग लागते कशानं, तर बहुतेक वेळा कापसात आलेल्या खड्यानं नाहीतर खिळ्यानं. सरकी काढायच्या रेच्यात गेला, घासला, ठिणगी पडली, आणि ती ठिणगी रुईसोबत पाइपातून ओढली जाते सरळ पुढं. गेटवर वॉचमन सगळ्यांची काडीपेटी-लायटर काढून ठेवते (खर्रा चालतो, त्याला आग लागत नाही म्हणे), पण गाडीत भरून येणाऱ्या खड्याला कोण अडवणार. वजनासाठी खडे घालणारे आपल्याही गावात आहेत बाबा, नाव घेत नाही, तुम्ही ओळखलंच असेल.

नंतर मैदानात प्रॅक्टिकल झालं. पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल ओतून पेटवलं आणि एकेकाला आग विझवायचा तो लाल सिलेंडर हातात दिला. ऑफिसातल्या बाया मागं सरकल्या तर तो माणूस म्हणे, "आग काय बाया-माणसं पाहून लागते काय, या पुढं." मग मी गेले. सिलेंडर सहा किलोचा म्हणतात पण डब्यासकट भारीच लागते. आधी वारा पाठीवर घ्यायचा, पळायची वाट मागं मोकळी ठेवायची, मग पीन ओढायची, नळीचं तोंड ज्वाळेवर नाही तर आगीच्या बुडाशी धरायचं, दांडी दाबायची आणि आंगण झाडल्यासारखं डावीकडून उजवीकडे फिरवायचं. तोंडावर झळ आली ना, तेव्हा पाय आपोआप मागं जाते, डोक्यात सगळं असून हात चालत नाही. आणि पंधरा-वीस सेकंदात तो डबा रिकामा होते, एवढाच वेळ! मी पहिला अर्धा तर ज्वाळेच्या शेंड्यावरच उडवला असता, त्यानं वरून "खाली, खाली" ओरडून नळी खाली करायला लावली म्हणून विझलं. त्यानं शेवटी जे सांगितलं ते मला सगळ्यात पटलं, की डबा रिकामा झाला आणि आग तशीच असेल तर हिंमत दाखवायची नाही, निघायचं.

निघण्यावरून त्यानं समृद्धी महामार्गाचं सांगितलं, १ जुलै २०२३, सिंदखेडराजाजवळ पेटलेली बस. गाडी दाराच्या बाजूवर पडली, दारच दबलं, २५ जण गेले, जे वाचले ते काच फोडून निघाले. दादा ट्रॅव्हल्सनं पुण्याला जाते ना, त्याला म्हणा सीटवर बसल्या बसल्या हातोडी कुठे आहे आणि मागची काच कोणती ते पाहून ठेव, मोबाईल नंतर.

मला मात्र तिथं उभ्या उभ्या पुलगावच्या दारूगोळा डेपोच्या आगीची रात्र आठवत होती. ३१ मे २०१६, माझं लग्न व्हायचं होतं. आपण सगळे आंगणात खाटांवर झोपलो होतो, आणि मध्यरात्रीनंतर तो आवाज. आई म्हणे वीज पडली, पण आभाळात ढग नव्हता, डेपोच्या बाजूनं नुसतं लाल. मग दुसरा आवाज, आणि मांडणीवरची भांडी खाली. सगळं गाव रस्त्यावर येऊन "काय झालं, काय झालं" करत होतं आणि बाबा कुठेच दिसेनात, मी रडायलाच आले होते. तुम्ही कोठ्यात होते. विळा घेऊन दोन्ही बैलांची आणि गाईची दावी कापत होते, गाठी सोडवत बसायलाही वेळ घेतला नाही. मी विचारलं तर एवढंच म्हणाले, "माणसाला पाय हायेत, यायले बांधलं हाय आपण." आगरगाव, नागझरीकडची माणसं त्या रात्री घरंदारं सोडून निघाली, सकाळी कळलं की गेलेल्यांत जास्त करून आग विझवायला धावलेलेच होते. ट्रेनिंगमध्ये त्या माणसानं पहिला नियम हाच सांगितला, आधी जीव बाहेर काढा, सामान आणि विझवणं नंतर. तुम्हाला तो कोणी शिकवला नव्हता.

म्हणूनच मला कळत नाही की असा माणूस भर एप्रिलच्या दुपारी एकटा काडी घेऊन धुऱ्यावर काऊन जाते.

आई, तुला जानेवारी २०२५ मधलं अमेरिकेचं आठवते? मावशीचा पोरगा तिकडे आहे म्हणून तू मारुतीला नारळ कबूल केला होता, आणि तो त्या आगीपासून सहा तास लांब राहते. ७ जानेवारीला लॉस एंजेलिसच्या बाजूच्या डोंगरात लागली, वाळवंटाकडून कोरडा वारा सुटला होता, सांता आना म्हणतात त्याले. टीव्हीवर बंगलेच बंगले जळताना दिसायचे, सोळा हजारांवर इमारती गेल्या. त्यात पाहण्यासारखं हे होतं की आग घराला लागून लागून पुढं सरकली असं नाही, निखारे वाऱ्यानं उडायचे आणि मधली गल्ली सोडून पलीकडच्या छपरावर पडायचे. आणि एवढ्या श्रीमंत वस्तीत रस्त्यावरच्या बंबाच्या नळांचं पाणी संपलं. आपल्याकडे तर नळ दिवसाआड, बंब येणार पुलगाव नाहीतर देवळीहून, तोपर्यंत वावरात काय उरते? आपल्या वाऱ्याला नाव नाही एवढंच, एप्रिलमधली वावटळ तुम्ही रोज पाहता, जळतं कुटार उचलून दोन वावरं पलीकडे नेऊन टाकते. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या काकांच्या ठिबकच्या नळ्या अशाच गेल्या, कोणीतरी लांब नाल्याकाठी धुरा पेटवला होता, भांडण तंटामुक्तीपर्यंत गेलं आणि नळ्या काही परत आल्या नाहीत.

आता तुमचं म्हणणं. "पऱ्हाटी जाळली नाही तर बोंडअळी मरत नाही." अर्धं खरं आहे बाबा. गुलाबी अळी झाडावर राहिलेल्या किडक्या बोंडात दबून बसते, म्हणून पऱ्हाटी वावरात उभी ठेवू नका हे कृषीवालेही सांगतात. पण जाळा असं म्हणत नाहीत, श्रेडर मारा म्हणतात, ट्रॅक्टरमागं लावतात ते, पऱ्हाटीचा भुगा होते, अळीही त्यातच जाते आणि भुगा मातीत मिसळला की काळीला खतच. आणि खरं सांगू का, दरवर्षी तुम्ही वावरातली पऱ्हाटी जाळता आणि चांगल्या जाड काड्या चुलीसाठी म्हणून कोठ्यामागं रचून ठेवता, तिथली अळी तर तुम्ही पाहुणी म्हणून सांभाळता. बोंडं झोडून तरी ठेवा.

धुऱ्याचंही तेच. गवत जळालं की धुरा साफ दिसते, पण मुळं गेली की पहिल्या मिरगाच्या पावसात माती नाल्यात. शिवाय त्या धुऱ्यावरचा पळस आजोबांच्या हातचा, मागच्या वेळी एका बाजूनं होरपळला तो अजून सावरला नाही. विळ्यानं कापून घ्या, मजूर लागला तर मजुरी मी देते.

मामा तर जन्मभर जंगलातली आगच विझवत आला. आई, तुझ्या माहेरी मोहाच्या दिवसात झाडाखालचा पाला पेटवायचे ना, फुलं नीट दिसावी म्हणून, आणि तीच आग रात्री जंगलात शिरायची. मामा फायर वॉचर होता तेव्हा हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवायचे, आता म्हणते पाला उडवायची मशीन आली आणि आगीचा मेसेज सॅटेलाईटवरून सरळ मोबाईलवर येते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा जंगलात आगीचा सीझन धरतात, मामाच्या घरी त्या चार महिन्यात लग्नाची तारीख धरत नसत हे तूच सांगायची. आता त्याच्या गावच्या बाया झाडाखाली जुनी साडी नाहीतर नेट अंथरतात, फुलं माती न लागता मिळतात, भावही बरा येते म्हणे.

श्रेडरवाल्याशी मी बोलले आहे, देवळीचा आहे, बुधवारी येतो म्हणाला. तासाचे जे होतील ते मी फोनपे करते, तुम्ही त्याच्याशी घासाघीस करत बसू नका, तो मग येतच नाही. तारेचं कुंपण आहे त्या बाजूनं नका घालू देऊ.

आता आईचं. गॅसची नळी कधी बदलली? ती नारिंगी नळी पाच वर्षं चालते, नळीवर तारीख छापलेली असते, वहिनीला म्हण फोटो काढून पाठव. वास आला तर आधी रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडायच्या, लाईटचं बटण चालूही नाही करायचं आणि बंदही नाही. गॅस हवेपेक्षा जड असते, खाली जमिनीशी साचते, आणि तुझा देवघरातला दिवा जमिनीवरच असते, सिलेंडरपासून चार हातावर. देवाला थोडं दुसऱ्या खोलीत हलवता येईल का पाहा, मी बाबांना नाही सांगत आहे, तुलाच सांगते. गॅसच्या गळतीसाठी १९०६ नंबर आहे, भिंतीवर लिहून ठेवा मोठ्या आकड्यात. कढईतलं तेल पेटलं तर पाणी अजिबात नाही, गॅस बंद करून वरून झाकण. आणि भाजलं तर वीस मिनिटं साधं पाणी, कोलगेट नाही, निळी शाई तर नाहीच नाही. माझ्या मनगटावरचा डाग तुझ्या शाईचा आहे की चुलीचा ते डॉक्टरलाही सांगता आलं नव्हतं.

बाकी इकडे सगळे मजेत. ऊन फार आहे, चव्वेचाळीसच्या खाली येत नाही, पोराची परीक्षा झाली, मामाकडे जायचं म्हणून मागं लागला आहे. कैऱ्या उतरल्या की फोन कर, यंदा लोणचं तिकडेच घालू, मी मोहरीची डाळ इथून घेऊन येते, तिकडची जाडी असते.

तुमची
छोटी