ओव्हन नव्हता म्हणून डोनट

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

मदतनिधीसाठी जूनच्या पहिल्या शुक्रवारी डोनट विकायचे म्हणतोस, तर दिवस नेमका निवडलास. मंदीच्या काळात, १९३८ साली, शिकागोत मुक्ती फौज (साल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेनं हा 'डोनट दिन' सुरू केला तोच वर्गणी जमवायला आणि पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी डोनट तळणाऱ्या आपल्या स्वयंसेविकांच्या आठवणीसाठी. त्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेतल्या मुक्ती फौजेच्या प्रमुख होत्या इव्हँजेलीन बूथ. नगरचं बूथ हॉस्पिटल त्यांच्याच नावाचं.

१९१७ साली फ्रान्समध्ये मुक्ती फौजेच्या हेलन पर्व्हियन्स आणि मार्गारेट शेल्डन यांना सैनिकांना घरची आठवण येईल असं काही खायला द्यायचं होतं. ओव्हन नव्हता, म्हणून केक-पाय बाद. मैदा, साखर, चरबी, बेकिंग पावडर आणि डब्यातलं दूध एवढं हाताशी, मग तळणच. लाटायला दारूची बाटली. भांडं एवढंसं, की एका घाण्यात सातच. पहिल्या दिवशी दीडशे निघाले. भोक पाडायचा साचा नंतर आला. अमेरिकन सैनिकांना 'डोबॉय' नाव यावरून पडलं असं फलकावर लिहू नकोस. तो शब्द त्याआधीच्या शतकातला आहे.

फौजेची कृती अशी: मैदा ५ कप, साखर २ कप, बेकिंग पावडर ५ चहाचे चमचे, चिमूटभर मीठ, २ अंडी, दूध पावणेदोन कप. पाव इंचाहून जरा पातळ लाटलंस तर चार डझन होतात. त्यात पीठ भरपूर मळायला सांगितलंय, ते ऐकू नकोस. गोळा जमला की थांब, नाहीतर डोनट चिवट होतात. पीठ चिकट लागेल, कारण साखर विरघळून पाणी सोडते. वरून मैदा ओतत बसण्यापेक्षा पंधरा मिनिटं झाकून ठेव. तासभर मात्र नको, बेकिंग पावडरचा जोर ओसरतो. कातरणं एकदाच पुन्हा लाटावीत.

चरबीऐवजी तेल चालेल, १८० अंशांवर. साखर जास्त असल्यानं कडक तेलात बाहेरून काळपट आणि आतून कच्चे राहतात. थंड तेलात तेल पितात. भोकाचं काम मेदुवड्यातलंच, मधलं पीठ शिजावं म्हणून. कढईत एकदम दहा सोडलेस की तेल निवतं. पाच-सहाच सोड, परतत राहा आणि प्रत्येक घाण्यानंतर तेल पुन्हा तापू दे.

पिठीसाखर गरम डोनटवर भुरभुरवू नकोस, विरघळून ओली होते. जूनच्या दमट हवेत तर गार डोनटवरही टिकत नाही. साखर वेगळ्या डब्यात ने आणि गिऱ्हाईक समोर आलं की चाळणीनं घाल.

तुझा,
मंदार