प्राचीन ग्रीकच्या स्वरचिन्हांचे पैसे घेतलेत, आता ती नीट उमटवून द्या

नाशिक

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: आपल्या कीबोर्ड अ‍ॅपमधील ‘प्राचीन ग्रीक’ या सशुल्क सोयीतील दोष आणि त्याबाबत मिळालेले असमाधानकारक उत्तर

महोदय,

मी निवृत्त संस्कृत शिक्षिका आहे. दर रविवारी सकाळी माझ्या घरी आम्ही सहा जण प्राचीन ग्रीक वाचायला बसतो. दोघे वेदपाठशाळेत शिकलेले, एक इतिहासाचे प्राध्यापक, शरणपूरच्या एक ताई नवा करार मुळातून वाचता यावा म्हणून येतात. आठवड्याचे शब्द आणि टिपणे मी मोबाईलवरच लिहून ग्रुपवर पाठवते, कारण माझ्याकडे कॉम्प्युटर नाही. त्यासाठीच आपल्या अ‍ॅपची ७९९ रुपयांची वार्षिक वर्गणी भरली. जाहिरातीत ‘प्राचीन ग्रीकची सर्व चिन्हे’ असे स्वच्छ लिहिले होते.

चिन्हे आहेत, हे मान्य. पण ती टाकायला गेले की काय होते, ते एकदा आपण स्वतः करून पाहावे.

ग्रीकचे पहिले अक्षर अल्फा घ्या. त्यावर प्राणचिन्ह (आधी ‘ह’ उच्चारायचा की नाही हे सांगणारी खूण) दोनपैकी एक येते किंवा येत नाही. आघात, म्हणजे स्वराची खूण, चढता, उतरता, वळणदार किंवा मुळीच नाही. खाली छोटा इओटा (ग्रीक ‘इ’) असतो किंवा नसतो. तीन गुणिले चार गुणिले दोन, म्हणजे एकट्या लहान अल्फाची चोवीस रूपे. अल्फावर बोट दाबून धरले की ही सगळी एका आडव्या पट्टीत उघडतात आणि पट्टीचा उजवा भाग स्क्रीनच्या बाहेर जातो. जी दिसतात ती बोटाखाली झाकली जातात. उघड्या कंसासारखे चिन्ह म्हणजे ‘ह’चा उच्चार, बंद कंसासारखे म्हणजे ‘ह’ नाही. एवढ्याशा आकारात हे दोन वेगळे ओळखायला मला चष्मा कपाळावर सरकवून फोन नाकाशी आणावा लागतो.

तेही चालवून घेतले असते. खरा त्रास पुढे आहे.

पट्टी टाळायची तर चिन्हे सुटी टाकायची सोय आपण दिली आहे: आधी अक्षर, मग एकेक चिन्ह. संगणकावर सगळ्या लिप्यांची अक्षरे साठवण्याची जी युनिकोड पद्धत आहे, तिच्या नियमाप्रमाणे प्राणचिन्ह आधी आणि आघात नंतर आला तरच दोन्ही मिळून एक अक्षर होते. आघात आधी पडला तर आघातासह अल्फा तयार होतो आणि प्राणचिन्ह त्याच्यावर सुटे राहते. खालच्या इओटाचा क्रम मागेपुढे झाला तरी बिघडत नाही, पण या दोघांचा बिघडतो. आपला कीबोर्ड उलटा क्रम निमूट स्वीकारतो. माझ्या फोनवर अक्षर जवळजवळ बरोबर दिसते, प्राध्यापकांच्या फोनवर तेच चिन्ह बाजूला लोंबकळते. आणि टिपणांत तो शब्द शोधायला जावे तर सापडत नाही, कारण आतून ते वेगळेच काहीतरी असते. मराठीत आधी अनुस्वार टाकून मग वेलांटी दिली की तुटका गोल उमटतो आणि चूक तिथल्या तिथे कळते. इथे चूक कळतच नाही. मी दोन महिने टिपणे लिहीत होते आणि त्यातली कितीतरी मला नव्याने टाईप करावी लागली.

बॅकस्पेसचेही तसेच. मराठीत ‘कां’वरचा अनुस्वार खोडायचा तर एकदा दाबले की अनुस्वार तेवढा जातो, ‘का’ जागेवर राहतो. इथे पट्टीतून घेतलेल्या अक्षराचा आघात चुकला की अख्खे अक्षर जाते आणि पुन्हा त्या चोवीस रूपांच्या रांगेत शिरावे लागते.

मागच्या महिन्यात मी ग्रुपवर दोन शब्द पाठवले. ‘ओरोस’ म्हणजे डोंगर आणि ‘होरोस’ म्हणजे हद्द. लिहिताना दोन्हींत फरक फक्त पहिल्या अक्षरावरच्या प्राणचिन्हाचा. पाठवताना आपल्या ऑटोकरेक्टने दोन्हींची प्राणचिन्हे काढून टाकली. प्राचीन ग्रीक लिहिण्याच्या रूढ पद्धतीत शब्दारंभी स्वर आला की प्राणचिन्ह हवेच, आणि इथे दोन्ही शब्द हुबेहूब सारखे झाले. रविवारी ताईंनी वही उघडली तेव्हा तिच्यात एकच शब्द दोनदा लिहिलेला होता, एकापुढे डोंगर, एकापुढे हद्द. त्यांनी तो तसाच पाठही केला होता. ‘बाई, यातला कुठला कुठे वापरायचा?’ असे त्यांनी विचारले तेव्हा मला फार वाईट वाटले.

यावर आपल्या प्रतिनिधीने कळवले की ‘ग्रीक भाषेत आता ही चिन्हे वापरत नाहीत.’ ग्रीस देशाने १९८२ साली प्राणचिन्हे वगळून आघाताच्या एकाच चिन्हाची पद्धत स्वीकारली, हे मला ठाऊक आहे. आपला शब्दकोश त्याच पद्धतीचा असणार, म्हणूनच तो प्राणचिन्हे खोडतो. पण मग ती सोय प्राचीन ग्रीकच्या नावाने विकू नये.

‘नाशिकमध्ये याचा उपयोग काय’ असेही त्याच उत्तरात होते. पांडवलेण्यातील १७ क्रमांकाच्या लेण्याचा दाता दत्तामित्री या गावचा योनक, म्हणजे ग्रीक, होता, तसे तिथल्या ब्राह्मी लेखात कोरलेले आहे. १९०६ साली इथून जवळच जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपान याच्या नाण्यांचा जो साठा निघाला, त्या नाण्यांवर ग्रीक लिपी आहे. प्राचीन ग्रीक भूगोलकार टॉलेमीच्या ग्रंथात ‘नासिका’ येते. आमचा गट सुरू झाला तो लेणे बघून परतताना पायऱ्यांवर झालेल्या गप्पांतून.

माझ्यासाठी याहून मोठे कारण आहे. वेदात ‘पिता’ शब्दाचा उदात्त, म्हणजे चढा स्वर, शेवटच्या अक्षरावर आहे, आणि ग्रीक ‘पातेर’चा चढता आघातही शेवटच्याच अक्षरावर. पाठशाळेत शिकलेल्या आमच्या गटातल्या एका मुलाने हे प्रथम वाचले तेव्हा त्याचा हात नकळत स्वराप्रमाणे वर गेला. त्वष्ट्याच्या यज्ञात ‘इन्द्रशत्रु’ शब्दाचा स्वर चुकला आणि ‘इंद्राला मारणारा’ऐवजी ‘इंद्र ज्याला मारतो तो’ असा अर्थ उलटला, ही गोष्ट ऐकत आम्ही मोठे झालो. स्वर ही आमच्याकडे कधीच शोभेची वस्तू नव्हती. म्हणून ‘अक्षरे तर येतात ना’ हे आपले उत्तर मला पटत नाही.

आपण एवढे करावे. चिन्हे कुठल्याही क्रमाने टाकली तरी कीबोर्डने ती स्वतः योग्य क्रमाने लावून एक अक्षर करावे. हे काम माणसाच्या बोटांवर सोडू नये. प्राचीन ग्रीक निवडल्यावर आधुनिक ग्रीकचा ऑटोकरेक्ट आपोआप बंद व्हावा. पट्टी दोन-तीन ओळींत उघडावी. बॅकस्पेसने आधी चिन्ह जावे, मग अक्षर. यातले पहिले दोन तातडीचे आहेत, बाकी दोन पुढच्या अपडेटला आले तरी चालेल.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. दुरुस्ती करणार नसाल तर ७९९ रुपये परत करावेत आणि जाहिरातीतले ‘सर्व चिन्हे’ हे शब्द काढावेत. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी राहते त्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. मला मात्र पैशांपेक्षा चालणारा कीबोर्ड हवा आहे. दुरुस्तीची चाचणी घ्यायला माणसे हवी असतील तर आम्ही सहाही जण तयार आहोत, रविवारी सकाळी नऊ ते अकरा.

सोबत: वर्गणीची पावती, आपल्या प्रतिनिधीचे उत्तर, उलट्या क्रमाने उमटलेल्या शब्दांचे स्क्रीनशॉट आणि ताईंच्या वहीच्या पानाचा फोटो.

आपली,
एक ग्राहक
गंगापूर रोड, नाशिक