उघड्यावर गाणार आहेस म्हणून

नाशिक

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी पाडव्याच्या पहाटे गोदाकाठी तुझं गाणं ठरल्याचं कळलं आणि रात्रीच लिहायला बसलो. पिंपळपारावर शाली पांघरून आपण पाडवा पहाट ऐकायचो, तेव्हा श्रोते होतो. मंचावर तीच थंडी वेगळी लागते. साथीला मीच आहे, म्हणून आधीच सांगतो.

आभाळ निरभ्र दिसलं म्हणून निर्धास्त राहू नकोस. वारा पडलेल्या, निरभ्र रात्रीच दव जास्त पडतं. पावसाचं चिन्ह नसलं तरी डोक्यावर मांडव हवाच, हे आयोजकांकडून आत्ताच कबूल करून घे.

गेल्या हिवाळ्यात असंच झालं. खोलीत तबला काळी एक या पट्टीला मिळवून मी मंचावर आलो आणि पंधरा मिनिटांत त्याचा सूर उतरला. बोटाखाली पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, ओलसर लागत होती, तिच्या काठाचा, चाटेचा नाद बसला होता. कातडं दमट हवा पितं आणि सैल पडतं. त्याच वेळी तानपुऱ्याच्या तारा गारठ्यानं आखडून चढत होत्या. गायक बिचारा दोघांच्या मधे अडकला! वाद्यांखालचे लाकडी गट्टे ठोकले, पुडीच्या कडेच्या विणलेल्या गजऱ्यावर हातोडी चालवली, कसाबसा सूर आणला. तोवर ऊन आलं आणि सगळं उलटं झालं. तारा उतरल्या, तबला चढला. त्या गायकाचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून यंदा वाद्यं तासभर आधीच मंचावर नेऊन सुती कापडाखाली ठेवू, म्हणजे ती तिथल्या हवेला रुळतील. मी दोन तबले आणतो, एक जरा चढा ठेवलेला. तू ललत रागाचा विलंबित ख्याल उन्हाआधी संपव. मग निवांत मिळवून घेऊ. त्यासाठी श्रोते थांबतात, त्याची लाज वाटू देऊ नकोस. वहीला चिमटे लाव, माइकला फोमची टोपी मागून घे. उजाडताना झाडांवर साळुंक्या कल्ला करतील. तेव्हा आवाज वाढवायला सांगू नकोस, माइक शिट्टी मारतो. तेवढा वेळ खालच्या सुरांत, खर्जात राहा.

अवकाळीचं मात्र वेगळं. या दिवसांत आभाळ भरून आलं की इकडे द्राक्षवाल्यांच्या पोटात गोळा येतो, आणि आता माझ्याही. एकदा मंचावरच्या वायरींखाली पाणी साचलं तरी ‘पाच मिनिटं रेटा’ असा आग्रह झाला होता. मी तबला उचलून उठलो, काहींना राग आला. पुन्हा तसं झालं तर पुन्हा उठेन, आणि तूही उठायचंस. गडगडाट ऐकू आला की गाणं बंद. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं कोणीही उघड्यावर थांबायचं नाही, मग रसिक कितीही मोठे असोत.

दोन दिवस आधीच ये. पहाटे पाचला तबला घेऊन घाटावर जाऊ, पुडीवर बोट ठेवून हवा कशी आहे ते बघू. गरम पाण्याचा थर्मास मी आणतो. वहिनींना नमस्कार, आईंना साष्टांग.

तुझाच,
तबलजी मित्र